आपल्या नळाच्या पाण्याचे माहेर

शाळेची सहल धबधब्यावर जाणार असे कळले की पालकसभेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "बाई, सुरक्षित आहे ना?" आणि दुसरा, "त्यापेक्षा वॉटर पार्कला का नेत नाही? तिथे पाणीही असते आणि जेवणाचीही सोय असते." दोन्ही प्रश्न मुलांच्या काळजीपोटी आलेले असतात, म्हणून त्यांचा राग येत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या ३४ मुलामुलींना घेऊन आम्ही तीन शिक्षक आणि चार पालक दाभोसा धबधब्यावर जाऊन आलो. तिथे काय पाहिले ते सांगावे आणि जमल्यास या दोन प्रश्नांची उत्तरेही द्यावीत, म्हणून वार्तापत्राची ही पाने अडवली आहेत.

दाभोसा हे गाव पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, जव्हार-सिल्वासा रस्त्यापासून थोडे आत आहे. तिथे लेंडी नदी सुमारे ३०० फूट उंचीच्या कड्यावरून खाली झेपावते. मुंबई-ठाण्याची मंडळी शनिवार-रविवारी गाड्या काढून हा धबधबा पाहायला येतात. आपण सिल्वासाकर मात्र पाहुणे आले की त्यांना दुधनीचा जलाशय दाखवतो, वासोण्याचे सिंह दाखवतो आणि घरी परततो.

सहलीची कल्पना निघाली ती भूगोलाच्या तासाला. दमणगंगेचे खोरे शिकवताना मी फळ्यावर उपनद्यांची नावे लिहीत होते: दावण, श्रीमंत, वाल, रायते, वाघ, साकरतोंड, दुधनी... आणि लेंडी. 'लेंडी' म्हटल्याबरोबर वर्गात खसखस पिकली. मागच्या बाकावरून शेळीचा आवाजही आला. हसू ओसरल्यावर मी एवढेच म्हटले, "हसा, पण आज सकाळी तुम्ही ज्या पाण्याने दात घासलेत, त्यात या लेंडीचाही वाटा आहे." वर्ग शांत झाला. मग एका मुलीने विचारले, "बाई, ते पाणी आपल्याकडे येते कसे?" नकाशा दाखवून उत्तर देता आले असते. पण काही उत्तरे पायांनी चालत जाऊन घ्यावीत, असे मला वाटते.

विद्यार्थी मित्रांनो, नकाशा एकदा नीट पाहा. दमणगंगा उगम पावते ती नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबेगावजवळच्या सह्याद्रीच्या डोंगरात. तिथून सुमारे १३१ किलोमीटरचा प्रवास करून ती दमणला समुद्राला मिळते. वाटेत महाराष्ट्र, गुजरात आणि आपला प्रदेश असे तिघांचे उंबरे ती ओलांडते. जव्हारचे पठार म्हणजे घराच्या छपराच्या आढ्यासारखे आहे. त्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी वैतरणेकडे जाते आणि उत्तर उतारावरचे दमणगंगेकडे. लेंडी या उत्तर उतारावरची. दमणगंगा मधुबन येथे अडवली आहे. या धरणाचे काम १९७२ साली सुरू झाले आणि १९९८ साली पूर्ण झाले. तिथून पाणी वापीला, दमणला, आपल्या सिल्वासाला, शेतीच्या कालव्यांना आणि कारखान्यांना जाते. म्हणजे सिल्वासा हे या पाण्याचे सासर म्हटले, तर दाभोसाचा कडा हे त्याच्या माहेरच्या वाटेवरचे एक अंगण आहे.

सकाळी सहा वाजता शाळेच्या दारातून बस निघाली. खानवेलपर्यंतचा रस्ता सर्वांच्याच ओळखीचा. खानवेल आले तेव्हा इतिहासाच्या सरांनी माइक हातात घेतला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाले, हे आपल्या शाळेतल्या पहिलीच्या मुलालाही ठाऊक असते. पण सिल्वासा सोडून गेलेले पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आणि त्यांचे सैनिक याच खानवेलच्या बाजूला मागे सरले आणि ११ ऑगस्टला उधवा येथे शरण आले, हे पुष्कळांना माहीत नसते. ऐन पावसाळ्यात, भरलेल्या ओढ्यांमधून आणि दाट रानातून झालेली ती पळापळ कशी असेल, याची कल्पना मुले खिडकीतून बाहेर पाहत करत होती. सुधीर फडके या लढ्याशी जोडलेले होते हे ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या गायकांना जोर चढला आणि पुढचा अर्धा तास बस गाण्यांवरच चालली.

गाडी धबधब्याच्या बऱ्याच जवळ जाऊ शकते. पण आम्ही मुद्दाम अलीकडेच उतरलो आणि पाड्यांमधून, शेतांच्या बांधांवरून आणि रानातून चालत गेलो. भाताची कापणी झाली होती. नागलीची कणसे खळ्यावर आली होती. उतारावरच्या तुकड्यांमध्ये खुरासणीची पिवळी फुले अजून शिल्लक होती. झोपड्यांच्या कुडाच्या भिंतींवर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रे दिसली. तारपा वाजवणारा माणूस आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची गोल रांग. हे चित्र मुलांनी कपबशांवर, चादरींवर, अगदी मोबाइलच्या कव्हरवरही पाहिलेले होते. ते कोणाच्या तरी घराच्या भिंतीवर असते हे मात्र बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिले.

या चालण्यात एक गंमत झाली. आमच्या वर्गात खानवेलच्या बाजूचा एक वारली मुलगा आहे. वर्गात तो फारसा बोलत नाही. विचारले तरच आणि तेही हळू आवाजात. रानात शिरल्यावर पंधरा मिनिटांत तोच सर्वांच्या पुढे होता. "बाई, हा ऐन. याची साल बघा, सुसरीच्या पाठीसारखी." "हा मोह." "हा खैर, काटे सांभाळा." "हा कुडा." पाण्याच्या कडेला एक दगड अलगद उचलून त्याने खालची चिंबोरी दाखवली आणि दगड पुन्हा होता तसाच ठेवला. एका मुलीने विचारले, "परत का ठेवलास?" तो म्हणाला, "ते तिचं घर आहे." त्या दिवसापासून वर्गात त्याला नाव घेऊन हाका मारणारे मित्र वाढले आहेत. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा सहल सार्थकी लागली, असे मी म्हणेन.

सुमारे दीड तास चालल्यावर आधी आवाज आला. मुलांना वाटले, पलीकडून मोठा रस्ता जात असावा. झाडी विरळ झाली आणि समोर एकदम दरीच उघडली. काळ्या कड्याच्या माथ्यावरून पांढरी धार सरळ खाली जात होती आणि अर्ध्या वाटेवर तिचे तुषार होऊन वाऱ्याबरोबर एका बाजूला झुकत होते. नोव्हेंबरमध्ये पावसाळ्याचे रौद्र रूप नसते. पण पाणी नितळ असते, कडा पूर्ण दिसतो आणि पाय ठेवायला जागा कोरडी मिळते. आम्ही हा महिना निवडला तो यासाठीच. चौतीस मुले आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, असे दृश्य शिक्षकांना वर्षातून एकदाच पाहायला मिळते!

जिथे पायऱ्या होत्या तिथे पायऱ्यांनी आणि पुढे दगडांवरून, एकमेकांना हात देत, आम्ही खालच्या डोहाच्या अलीकडच्या मोठ्या खडकांपर्यंत उतरलो. तिथे बसून पंधरा मिनिटांचा भूगोलाचा तास झाला. सह्याद्रीचा हा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यातून तो तयार झाला. पण सगळे थर सारखे नसतात. काही घट्ट आणि कठीण, तर काही बुडबुड्यांच्या छिद्रांचे, ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी पोखरते. मग वरच्या कठीण थराला आधार राहत नाही आणि तो तुटून खाली पडतो. आपण ज्या खडकांवर बसलो होतो ते असेच कधीतरी वरून आलेले. म्हणजे धबधबा एका जागी उभा नसतो. हजारो वर्षांच्या हिशेबात तो हळूहळू उगमाच्या दिशेने मागे सरकत असतो. "म्हणजे धबधबा आपल्याला बघून मागे पळतोय," असा शेरा आला आणि पुन्हा हशा पिकला. तेवढ्यात निळसर काळ्या रंगाचा एक पक्षी समोरच्या दगडावर येऊन बसला आणि शेपटी पंख्यासारखी उघडून उडून गेला. तो शीळकरी कस्तूर. माणसाने शीळ घालावी तसा गातो, म्हणून त्याचे हे नाव.

डोहात मात्र कोणालाही उतरू दिले नाही. यावरून मुले थोडी रुसली. पालकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच देते. मे २०२४ मध्ये याच दाभोसाला उंचावरून डोहात उडी मारल्याने एका तरुणाचा जीव गेला. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण धबधब्याच्या लोंढ्यात वाहून गेले. धबधब्याखालचा डोह वरून शांत दिसला तरी आत खडकांची टोके असतात, भोवरे असतात. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते पोहणाऱ्याला नेहमीसारखे उचलून धरत नाही. म्हणून पट्टीचा पोहणाराही तिथे फसतो. पावसाळ्यात तर आपल्या डोक्यावर ऊन असते, पण वर डोंगरात पाऊस झालेला असतो. पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पाने आणि काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून आधी उंचावर जायचे. हे नियम मुलांनी निघण्यापूर्वी वहीत लिहिले होते आणि जागेवर जाऊन पुन्हा म्हटले. रान आणि पाणी यांची भीती मुलांना घालू नये, पण शिस्त जरूर लावावी. आज शाळेबरोबर न गेलेली मुले उद्या अठरा वर्षांची होऊन मित्रांबरोबर जाणारच आहेत. त्या वेळी त्यांच्या डोक्यात हे नियम असावेत, असे तुम्हालाही वाटत असेल.

या सहलीतला सर्वात महत्त्वाचा धडा मात्र धबधब्यावर मिळाला नाही. तो मिळाला परतीच्या वाटेवर.

परतताना एका पाड्यावर सावलीत बसून आम्ही डबे उघडले. एक वयस्क मावशी हंडा आणि पेला घेऊन आल्या आणि एकेका मुलाला आग्रहाने पाणी देऊ लागल्या. सोबत बाटल्या असल्या तरी कोणाच्या दारात आलेले पाणी नाही म्हणू नये, म्हणून सर्वांनी एक-एक घोट घेतला. एका मुलाने आपल्या बाटलीत उरलेले पाणी मातीत ओतून दिले आणि मावशींसमोर बाटली धरली, ताजे पाणी भरून घ्यायला. मावशींनी ती भरून दिली. काही बोलल्या नाहीत. फक्त ओल्या झालेल्या मातीकडे क्षणभर पाहिले.

मी सहज विचारले, "मावशी, पाणी बारमाही आहे का इथे?" त्या म्हणाल्या, "होळी झाली की विहीर आटते. मग आम्ही खाली नदीत जातो. झिरा उकरतो आणि वाटीवाटीने हंडा भरतो. कधी टँकर येतो, कधी येत नाही."

"मग पाऊस कमी पडतो का?" एका मुलीने विचारले.

मावशी हसल्या. "पाऊस? पाऊस तर छप्पर घेऊन जायला बघतो! पण पाणी इथं राहत नाही. खाली जातं."

"खाली कुठे?"

"तुमच्याकडं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की तक्रार नव्हती. 'पोरगी लग्न होऊन तिकडे गेली' हे सांगावे, तसे त्यांनी सांगितले. त्या मुलाने बाटली दोन्ही हातांत धरली आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले पाणी जपून प्यायले. त्याला कोणीही काही म्हटले नव्हते.

शाळेत परतल्यावर मुलांनीच हा विषय लावून धरला. गणिताच्या बाईंनी त्यांना हिशेब मांडायला लावला. जव्हारच्या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अडीच मीटरच धरू. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असे एक छोटे छप्पर घेतले, तर त्याचे क्षेत्रफळ २० चौरस मीटर. त्यावर पडणारे पाणी ५० घनमीटर, म्हणजे ५०,००० लिटर. एका हंड्यात १५ लिटर धरले तर तीन हजारांहून अधिक हंडे. एवढे पाणी एकाच झोपडीच्या छपरावर पडते आणि तरीही होळीनंतर त्या घरची बाई वाटीने हंडा भरते. हे उत्तर फळ्यावर आले तेव्हा एका मुलाने गणित पुन्हा तपासले. त्याला वाटले, शून्य जास्त पडले असेल. ते बरोबरच होते.

असे का होते? उतार तीव्र आहे, मातीचा थर पातळ आहे आणि खालचा घट्ट बेसाल्ट पाणी फारसे मुरू देत नाही. सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि आल्या पावली निघून जातो. साठवण्यासाठी टाक्या, बंधारे, गावतळी आणि उतारावरची झाडे हवीत. ती जिथे झाली तिथे फरक पडतो. पण मोठी धरणे बहुतेक वेळा खालच्या माणसांसाठी बांधली जातात. आपल्याकडचेच पाहा. मधुबनच्या जलाशयासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यात आपल्या प्रदेशातले आदिवासी शेतकरीही होते. आता याच खोऱ्यात आणखी दोन धरणांची योजना आहे: दमणगंगेवर भुगड येथे आणि वाघ नदीवर खारगीहिल येथे. तिथून बोगद्यांतून पाणी पिंजाळला आणि पुढे मुंबईला न्यायचे, असा हा दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्प. त्याचा सविस्तर अहवाल २०१४ साली तयार झाला. मुंबईलाही तहान आहे, हे खरेच. पण त्या पाड्यांवरची माणसे विचारतात की आमच्या डोक्यावर पडलेल्या पाण्यातला पहिला हंडा आम्हाला मिळणार का? या प्रश्नाला नववीच्या वर्गाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. मात्र तो रास्त आहे हे कळण्याइतकी आमची मुले मोठी झाली, याचा मला आनंद आहे.

आता पालकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. वॉटर पार्क वाईट नाही. मुले तिथेही आनंदाने खेळतात, तुम्ही त्यांना सुट्टीत जरूर न्या. पण तिथले पाणी कोठून आले हे तिथे कोणी सांगत नाही. शाळेने मुलांना अशा ठिकाणी न्यावे जिथे हा प्रश्न त्यांना आपोआप पडेल. आपल्यातली कितीतरी मराठी कुटुंबे तीन-तीन पिढ्या सिल्वासात आहेत. आपण इथे घरे बांधली, मंडळे काढली, गणपती बसवले, शाळा उभी केली. या सगळ्याला ज्या नदीने पाणी दिले तिचे माहेर दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. तिकडच्या माणसांशी आपली निदान तोंडओळख तरी असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मुलांनी काही गोष्टी स्वतःहून ठरवल्या आहेत. मधल्या सुट्टीनंतर बाटल्यांत उरलेले पाणी ओतून न देता व्हरांड्यातल्या कुंड्यांना घालायचे; त्यासाठी पिंप ठेवले आहे. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ मोजून त्यावर किती पाणी पडते याचा तक्ता प्रवेशद्वाराजवळ लावला आहे, येता-जाता जरूर पाहावा. विश्वस्त मंडळाने छपराचे पाणी जमिनीत मुरवण्याच्या खर्चाचा अंदाज मागवावा, असा अर्ज नववीच्या वर्गाने सह्यांनिशी दिला आहे. अर्जाची भाषा मी तपासलेली नाही. ती त्यांचीच आहे.

आणि एक विनंती मुलांच्या वतीने मी करते. धबधबा त्यांनी नोव्हेंबरमध्ये पाहिला. आता त्यांना तीच नदी एप्रिलमध्ये, धार बारीक झालेली असताना पाहायची आहे, सकाळी लवकर जाऊन, झिऱ्यावर. एक हंडा भरायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजायचे आणि तो डोक्यावर घेऊन चढ चढून पाहायचा, असा त्यांचा बेत आहे. परीक्षा संपल्यानंतरचा पहिला शनिवार आम्ही धरला आहे. संमतिपत्रक या अंकासोबत जोडले आहे. पालकांनी सही करून ते वर्गशिक्षकांकडे पाठवावे. ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी तसे लिहावे. बसमध्ये सहा जागा पालकांसाठी ठेवल्या आहेत. पिण्याचे पाणी मात्र प्रत्येकाने घरूनच आणायचे आहे. पाड्यावर त्या दिवसांत ते मागायचे नाही.